अस्सल, नक्कल आणि तळटीप

जेम्स ग्रांट डफ याने सातारच्या रेसिडेंटाच्या जागेवर असताना जमविलेल्या कागदपत्रांच्या आधारे लिहिलेला मराठ्यांचा तीन खंडी इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्याची पाने आज चाळताना अभ्यासकाचे लक्ष मजकुरापेक्षा पानाच्या तळाशी असलेल्या बारीक टाइपाकडेच अधिक वेधले जाते. कारण तेथे कोठे ‘मराठी हस्तलिखिते’, कोठे ‘इंग्रजी दप्तर’, कोठे खाफीखान अशी आधारांची नावे येतात खरी, परंतु ही मराठी हस्तलिखिते म्हणजे नेमकी कोणती, ती बखर की शकावली, समकालीन पत्र की शंभर वर्षांनंतर कोणा कारकुनाने लिहून काढलेली हकीकत, आणि ती कोणाच्या घरून आली, या प्रश्नांपाशी तळटीप बहुधा मौन धरते. डफविषयी न्यायाने बोलायचे तर प्रस्तावनेत आणि मधूनमधून टीपांतही त्याने आपल्या साधनांचा पुष्कळ खुलासा केला आहे, आणि त्या काळच्या मानाने त्याची सचोटी वाखाणण्यासारखी होती. तरीही नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुण अभ्यासकाने विविधज्ञानविस्तारातून त्याच्या इतिहासावर टीका केली तेव्हापासून, पुढे १८७८ मध्ये निघालेल्या काव्येतिहाससंग्रहाच्या अंकांतून आणि १८९८ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांतून जी विद्या महाराष्ट्रात वाढीस लागली, तिचा एक मोठा भाग ‘हे तुम्ही कशावरून म्हणता?’ या एकाच सवालाभोवती फिरत राहिला आहे. प्रस्तुत पुस्तक त्या सवालाच्या उत्तराची रीत सांगण्यासाठी लिहिले आहे.

संदर्भ देण्याच्या पद्धतीवर इंग्रजीत पुस्तकांची वाण नाही. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची नियमावली १९०६ पासून निघते आहे, अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे नियम १९२९ मध्ये एका नियतकालिकातील थोड्याशा पानांत मावले होते ते आज जाड ग्रंथ होऊन बसले आहेत, आणि भाषासाहित्याच्या अध्यापकांची शैलीपत्रिका १९५१ ची. आमची विद्यापीठे यांपैकी एखादी पद्धत उचलून संशोधक विद्यार्थ्याच्या हाती देतात आणि स्वल्पविराम कोठे, पूर्णविराम कोठे, ग्रंथनाम तिरप्या अक्षरात की ठळक, यावर प्रबंध परत पाठवितात. स्वल्पविरामाबद्दल आमची तक्रार नाही. एकदा एक रीत धरली की ती शेवटपर्यंत पाळावी, इतके सांगून तो विषय आम्ही तिसऱ्या प्रकरणात संपविला आहे. तक्रार आहे ती ही की, या साऱ्या पद्धती मुळात छापील पुस्तक आणि छापील नियतकालिक डोळ्यांसमोर ठेवून रचलेल्या असल्यामुळे, मराठीच्या अभ्यासकाला ज्या साधनांशी नित्य गाठ घालावी लागते त्यांच्या अंगावर हा अंगरखा बसत नाही.

उदाहरणार्थ, लेखकाचे आडनाव आणि प्रकाशनवर्ष एवढेच कंसात द्यावयाची जी सुटसुटीत चाल अलीकडे रूढ झाली आहे ती घ्या. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीच्या मुक्कामी लिहिलेली शिवछत्रपतींची बखर कोणी १९६० च्या एखाद्या आवृत्तीतून वाचली असेल, तर या चालीप्रमाणे कंसात ‘सभासद १९६०’ असे पडेल. मल्हार रामराव चिटणीस याची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाने झालेली. तिची आवृत्ती त्याच वर्षीची असेल तर ‘चिटणीस १९६०’. ज्याने महाराजांची कारकीर्द जवळून पाहिली तो आणि ज्याच्या आजा-पणजांनी ती पाहिली तो, असे दोघे साक्षीदार एका वर्षाचे, एका मोलाचे आणि एका वयाचे होऊन वाचकासमोर उभे राहतात. शिवाय सभासद हे आडनाव की हुद्दा, ज्ञानेश्वरांचे आडनाव कोणते, कवींद्र परमानंदाला ‘परमानंद’ या अक्षराखाली लावावे की ‘कवींद्र’ या, हे प्रश्न वेगळेच. त्यावर आमचा तोडगा साधा आहे: जुन्या ग्रंथाचा संदर्भ देताना ग्रंथकर्ता, ग्रंथ आणि रचनेचा काळ आधी, नंतर संपादक आणि आवृत्तीचे वर्ष, जागा थोडी अधिक लागते, ती लागू द्यावी.

या पुस्तकाचे सारे म्हणणे असे की, संदर्भ ही साधनाची ओळखपत्रिका असून, साधन कोणत्या जातीचे आहे आणि ते किती हातांतून आपल्यापर्यंत आले आहे, या दोन गोष्टी ज्या टीपेतून कळत नाहीत ती टीप, विरामचिन्हे कितीही निर्दोष असोत, अपुरी आहे. जमीन घेणारा शहाणा माणूस आजच्या सातबारावर थांबत नाही; मागचे फेरफार काढून कोणाकडून कोणाकडे कशी उतरली ते पाहतो. अभ्यासकाला याहून कमी चौकस होण्याची सवलत का मिळावी?

आता एखादे मोडी पत्र जवळून पाहू. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमाल सोडला म्हणजे आतल्या गड्ड्यांतून लांबट, एका अंगाने लिहिलेले कागद निघतात. पत्र राजपत्र असेल तर माथ्यावर शिक्का, शेवटी मोर्तब, मजकुरात ‘छ’ हे अक्षर घालून मुसलमानी महिन्याची तारीख, अरबी शब्दांत सुहूर सनाचे साल, आणि पुष्कळदा कागदाच्या पाठीवर, पत्र ज्याला आले त्याच्या कारकुनाने टाकलेली पैवस्तीची, म्हणजे पोचल्याची, तारीख. या एका कागदावर दोन तारखा आहेत, आणि दोन्हींचे काम निराळे आहे. पानिपतच्या मोहिमेसारख्या प्रसंगी कोणाला कोणती बातमी केव्हा कळली हे ठरवायचे तर पैवस्तीची तारीख लिहिल्या तारखेहून मोलाची ठरते. परंतु छापील संग्रहांतून उद्धृत करणारे आमचे बहुतेक अभ्यासक या दोहोंपैकी एकीचाही उल्लेख न करता, संपादकाने जंत्री लावून चौकटी कंसात दिलेली इंग्रजी तारीखच जणू मूळ पत्रावर लिहिलेली असावी अशा थाटात उतरवून घेतात. ती तारीख संपादकाची आहे. ती बहुधा बरोबर असते. चुकली असेल तर ती कोणाची चूक हे कळण्यासाठी मूळ कालनिर्देश टीपेत राहिला पाहिजे.

सुहूर सन हा मृग नक्षत्राच्या सुमारास, मे महिन्याच्या अखेरीकडे पालटतो, आणि त्याच्या आकड्यात त्या मुहूर्तानंतर ५९९, इंग्रजी नवे वर्ष लागल्यावर ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. तेव्हा ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६१, हे साल जून १७६० मध्ये भाऊसाहेब उत्तरेच्या वाटेवर असताना लिहिलेल्या पत्रावरही असणार आणि जानेवारी १७६१ मधील पानिपतच्या रणावरून निसटलेल्या कोणाच्या पत्रावरही तेच असणार. अशा पत्रापुढे नुसते ‘१७६१’ लिहिणारा अभ्यासक दोन जगांमधली सीमारेषा पुसून टाकतो. बाळाजी प्रभाकर मोडकांची जंत्री हाताशी घेऊन बसण्याचा कंटाळा ज्याला असेल त्याने मराठ्यांच्या इतिहासाच्या वाटेस जाऊ नये.

परकीय दप्तरांतही या बाबतीत निर्धास्त राहता येत नाही. सुरतेच्या वखारीतील इंग्रज जुन्या पंचांगाने चालत, आणि १७५२ पर्यंत त्यांचे कायदेशीर नवे वर्ष २५ मार्चला लागे. त्यामुळे महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली त्या धामधुमीची पत्रे त्यांच्या हिशेबाने १६६३ ची ठरतात, आणि म्हणून जाणते संपादक अशा ठिकाणी ‘१६६३/६४’ असे जोडवर्ष छापतात. शेजारी गोव्यात पोर्तुगीज सोळाव्या शतकाच्या अखेरीपासूनच सुधारलेले पंचांग वापरीत असल्याने सतराव्या शतकात त्यांची तारीख इंग्रजांच्या दहा दिवस पुढे असे. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या दिवशी झालेला राज्याभिषेक हेन्री ऑक्झेंडनसारख्या रायगडी हजर असलेल्या इंग्रजाच्या हिशेबाने ६ जूनला आणि पणजीकडच्या हिशेबाने १६ जूनला पडतो. दोन्ही तारखा खऱ्या; खोटा ठरतो तो पंचांग न सांगता त्यांतली एक देणारा. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरातील, मोसमी गलबतांबरोबर लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराचे ग्रंथ उलगडून मराठ्यांच्या इतिहासात जी भर घातली तिचा उपयोग करणाऱ्याने ग्रंथाचा अनुक्रमांक, पान आणि तर्जुमा कोणाचा, हे तिन्ही सांगावे, कारण पिसुर्लेकरांचे मराठी वाचणे म्हणजे मूळ पोर्तुगीज वाचणे नव्हे.

जेधे शकावलीची कथा या दृष्टीने फार बोधक आहे. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी असलेली ही शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये त्यांनी ती भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात प्रसिद्ध केली. बखरींतून रूढ झालेली शके १५४९ च्या वैशाखाची जन्मतिथी बाजूस सारून फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे जुन्या पंचांगाने १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी पुढे आली ती हिच्यामुळे. १९२७ मध्ये छापून निघालेल्या परमानंदाच्या शिवभारतातही तीच तिथी सापडल्याने तिला दुसरा साक्षीदार मिळाला. आता या विषयावर लिहिणारा जर तळटीपेत केवळ ‘जेधे शकावली’ असे दोन शब्द टाकून मोकळा झाला, तर वाचकाला काय कळले? मूळ नोंद करणारा, तिची नक्कल उतरविणारा, ती छापणारे टिळक, आणि ज्या आधुनिक ग्रंथातून या लेखकाने ती प्रत्यक्षात वाचली त्याचा कर्ता, असे किमान चार हात या दोन शब्दांमागे लपले आहेत. चौथा हात लपविण्याचा मोह तर सर्वांत मोठा. सरदेसायांच्या रियासतीतून किंवा शेजवलकरांच्या एखाद्या लेखातून पत्र उचलायचे आणि टीप मात्र मूळ दप्तराची द्यायची, हा व्यवहार आमच्या प्रबंधांतून इतका सर्रास चालतो की एखाद्या थोर ग्रंथातला मुद्रणदोषसुद्धा पाच-सहा प्रबंधांतून तसाच्या तसा, मूळ दप्तराच्या हवाल्यानिशी, उतरलेला आढळतो. ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ एवढे म्हटल्याने कोणाची प्रतिष्ठा जात नाही.

याच जातीचा दुसरा घोटाळा सारांशांचा. न. चिं. केळकर आणि द. वि. आपटे यांनी संपादिलेला शिवकालीन पत्रसारसंग्रह १९३० मध्ये निघाला तो मोठ्या उपयोगाचा. परंतु त्याच्या नावातच तो पत्रांचे सार देतो असे म्हटलेले असताना त्यातील वाक्ये अवतरणचिन्हांत घालून ती महाराजांच्या मुखीची म्हणून छापणारे लेखक आहेत, याला काय म्हणावे! अस्सल, नक्कल, तर्जुमा आणि सार या चार गोष्टी जुन्या दप्तरदारांना परस्परांहून इतक्या भिन्न होत्या की नक्कल अस्सलाशी रुजू घातल्याखेरीज कोणी तिच्यावर भिस्त ठेवीत नसे. वा. सी. बेंद्रे यांच्या ‘साधन-चिकित्सा’ या १९२८ मधील ग्रंथाने हा विवेक मराठीत शास्त्रशुद्ध रीतीने मांडला, तो पुन्हा वाचावा अशी आमची नव्या अभ्यासकांस विनंती आहे. आणि चित्रही याला अपवाद नाही, हेही बेंद्र्यांनीच दाखवून दिले: शिवाजी महाराजांचे म्हणून घरोघरी मिरवत असलेले एक चित्र वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच एका माणसाचे असल्याचे त्यांनी निदर्शनास आणले. चित्राखालची ओळ ही कोणाची साक्ष, हे विचारण्याची सवय आम्हांला नसल्याने ते इतकी वर्षे चालले.

संतवाङ्मयाकडे वळल्यास अडचण निराळ्या स्वरूपाची. ‘तुकाराम गाथा, अभंग अमुक’ ही टीप दिसायला चोख दिसते. परंतु १८६९ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून निघू लागलेली गाथा, १९५० ची शासकीय गाथा आणि वारकरी फडांवर चालणाऱ्या नाना गाथा यांतील अभंगांची संख्या व अनुक्रम सर्वत्र सारखे नसल्यामुळे, आवृत्तीवाचून आकडा पोकळ. ज्ञानेश्वरीत अध्याय आणि ओवी सांगण्याची सुंदर सोय आहे, तरी राजवाड्यांनी बीडजवळच्या पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून १९०९ मध्ये छापलेली प्रत आणि सांप्रदायिक प्रती यांत ओव्यांचे आकडे पुढेमागे होतात, पाठ तर पदोपदी बदलतात.

पाठभेद ज्याच्या त्याच्या नावे नोंदवून ठेवण्याची बुद्धी आम्ही युरोपाकडून उसनी आणली असे मात्र कोणी समजू नये. म्हाइंभटाने तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या त्या ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले त्यांच्याकडे स्वतः जाऊन. आणि मूळ ग्रंथ धाडीत नष्ट झाल्यावर अनुयायांनी तो स्मरणातून पुन्हा सिद्ध केला तेव्हा, कोणत्या लीळेचा कोणता पाठ कोणाच्या आठवणीतला, हिराइसेचा की रामेश्वरबासांचा, हे सांगण्याची प्रथा महानुभावांनी पाळली. दोन साक्षी जुळत नसतील तर एक दडपून गोष्ट गुळगुळीत करण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता, तो त्यांनी घेतला नाही. लीळाचरित्राच्या पोथ्या पाहिल्यावर आमच्या कित्येक आधुनिक प्रबंधांची एकमुखी खात्री जरा ओशाळवाणी वाटते.

मौखिक साधनाची टीप कशी द्यावी, याची उत्तरे आमच्याकडे पुष्कळ उशिरा आली. अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाडे छापले ही मोठीच कामगिरी. परंतु पोवाडा रचणाऱ्याचे नाव, तो म्हणणाऱ्या गोंधळ्याचे नाव आणि तो ज्याने लिहून घेतला त्याचे नाव ही तीन निरनिराळी नावे असतात, आणि टीपेत बहुधा पहिलेच उरते. याउलट हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी चालविलेल्या, जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविणाऱ्या प्रकल्पात गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव ओवीबरोबर नोंदविले गेले. पूर्वी ‘एक जुनी ओवी’ म्हणून जी छापली जाई तिला आता मालकीण मिळाली. मुलाखतीच्या बाबतीत आम्ही आणखी एक अट घातली आहे: सांगणाऱ्याची संमती नसेल तर नाव देऊ नये, गाव आणि वर्ष मात्र द्यावे, आणि नाव का दिले नाही हे टीपेतच सांगावे.

वर्तमानपत्रांविषयी थोडक्यात. दर्पण १८३२ पासूनचा, केसरी १८८१ पासूनचा. तारीख, पान आणि रकाना दिला की बहुतेक काम भागते. अडते ते निनावी अग्रलेखांपाशी. केसरीच्या पहिल्या सहा-सात वर्षांत संपादक आगरकर असले तरी लिहिणारे हात एकाहून अधिक होते, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ च्या मार्चपर्यंत हयात होते. अशा अग्रलेखापुढे शैली ओळखून एखादे नाव छातीठोकपणे लिहिण्यापेक्षा ‘केसरी, अग्रलेख’ असे म्हणून, कर्तृत्वाचा तर्क करायचाच तर तो कोणी व कशावरून केला हे जोडावे. विश्वकोशासारख्या ग्रंथातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते, ते गाळून केवळ ‘मराठी विश्वकोश’ म्हणणे हा नोंद लिहिणाऱ्यावर अन्याय. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुणे खंड तीन भागांत आहे, सबब भागाचा आकडा विसरू नये. संगणकाच्या पडद्यावर पाहिलेल्या छायाप्रतीविषयी इतकेच की, पाहिली ती छायाप्रत आणि छायाप्रत ज्या प्रतीची ती प्रत, ही दोन्ही सांगावी. एकाच ग्रंथाच्या दोन छायाप्रतींत एकीची काही पाने गळालेली असणे ही रोजची गोष्ट आहे.

मराठीत प्रस्तावनेने मूळ ग्रंथाला झाकोळून टाकण्याची परंपरा जुनी आणि मान्यवर आहे. राजवाड्यांच्या खंडांना लोक प्रस्तावनेसाठी हात घालतात, आणि शेजवलकरांच्या संकल्पित शिवचरित्राची तर प्रस्तावना, आराखडा आणि साधने एवढेच १९६४ मध्ये त्यांच्या पश्चात प्रसिद्ध होऊ शकले. आमच्या या लहानशा पुस्तकाला तसे काही साधण्याची ऐपत नाही, म्हणून रचनेविषयी दोन शब्द सांगून थांबतो. बहुतेक प्रकरणे साधनांच्या जातीप्रमाणे पाडली आहेत: कोरीव लेख व ताम्रपट, मोडी कागद, फार्सी कागद, परकीय दप्तरे, बखरी व शकावल्या, संतवाङ्मय, नियतकालिके, मौखिक साधने, चित्रे. ताम्रपटांत बनावट पुष्कळ, म्हणून त्या प्रकरणात लेखाचा ठसा कोणी घेतला आणि वाचन कोणाचे यावर भर आहे. महजर आणि निवाडपत्रे यांच्या शेवटी गोताच्या ज्या निशाण्या असतात, पाटलाचा नांगर आणि इतरांच्या आपापल्या धंद्याच्या, त्यांचा उल्लेख टीपेत करावा की नाही याविषयी मतभेद होता. साक्षीदार किती आणि कोणत्या जातीधंद्याचे हे निशाण्यांवरूनच कळत असल्याने आम्ही तो आवश्यक ठरविला आहे.

शेवटचे प्रकरण खाजगी दप्तरांचे आहे. वाड्यांच्या माळ्यावरचे कागद वाटण्यांत विभागले जातात, काही रद्दीत जातात, काही मंडळांच्या स्वाधीन होतात, आणि मग पन्नास वर्षांपूर्वीच्या ग्रंथात ‘अमुक देशमुखांच्या संग्रही’ म्हणून ज्याचा दाखला आहे तो कागद आज कोठे शोधावा हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून अशा कागदाच्या टीपेत, घराण्याची हरकत नसल्यास, पूर्वीच्या धारकाचे नाव, कागद आज जेथे आहे त्या संस्थेचे नाव, तेथील दाखल क्रमांक आणि आपण तो पाहिल्याची तारीख, या चारही गोष्टी द्याव्यात. दाखल क्रमांक पडलेला नसेल तर तो पाडून घेण्यासाठी संस्थेच्या दप्तरदारास विनंती करावी, आणि टीप त्यानंतर लिहावी.